दोन शिखरं एका दिवसात: ऑरगॅनिक मॅप्स आणि ओपनटोपोमॅपवर ट्रेक आखताना

शेजारी शेजारी असलेली दोन शिखरं एका दिवसात करायची, फार अवघड नको पण नुसता फेरफटकाही नको, असा मध्यम ट्रेक आखायला कुठलं ॲप चांगलं, असं बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी यासाठी दोन गोष्टी मिळून वापरतो, घरी मोठ्या स्क्रीनवर ओपनटोपोमॅप, म्हणजे उंचीच्या रेषा (कंटूर) दाखवणारा वेबवरचा नकाशा, आणि डोंगरात फोनवर ऑरगॅनिक मॅप्स हे नकाशाचं ॲप. दोन्ही फुकट, दोन्हीत जाहिराती नाहीत, आणि वाटांचा डेटा दोघांचा एकच, ओपनस्ट्रीटमॅपचा, जो २००४ पासून जगभरातले लोक आपापल्या हाताने भरत आलेत. माझं मत आधीच सांगतो, नकाशा म्हणून ही जोडी मला प्रचंड आवडते, पण वाटाड्या म्हणून तिच्यावर सगळा भार टाकू नका. सुरुवात टाकली, शेवट टाकला, ॲपने रेघ काढून दिली आणि ती बघून निघालो, असं केलंत तर दोन शिखरांच्या ट्रेकमधला सगळ्यात मोठा निर्णय घ्यायचा राहूनच जातो, आणि तो असतो मधल्या खिंडीचा.

एका शिखराचा ट्रेक आखणं सोपं असतं, चढायचं आणि उतरायचं. दोन आली की मधे खिंड येते, म्हणजे पहिल्या माथ्यावर कमावलेली उंची थोडी गमवायची आणि परत चढायची. ती खिंड किती खोल आहे, तिथून खाली पायथ्याला थेट उतरणारी वाट आहे का, आणि खिंडीतून दुसऱ्या शिखराकडे जाणारी धार रुंद आहे की अरुंद, या तीन गोष्टींवर तुमचा दिवस मध्यम होणार की कंबरडं मोडणारा होणार ते ठरतं. आणि या तिन्ही गोष्टी ओपनटोपोमॅपवर घरबसल्या दिसतात, म्हणून तर तो मला इतका आवडतो.

ज्यांना कंटूर वाचायची सवय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका कंटूर रेषेवरचे सगळे बिंदू एकाच उंचीवर असतात, रेषा एकमेकींना चिकटल्या की चढ उभा, लांब लांब पसरल्या की चढ सौम्य. माथ्याभोवती रेषा बंद वळशांसारख्या दिसतात. अशी दोन वळशांची कुटुंबं शेजारी आली आणि मधे कंबर आवळल्यासारखी जागा दिसली की ती खिंड. ओपनटोपोमॅपवर बऱ्याच खिंडींना वेगळी खूणही असते, नसली तरी रेषांवरून कळतेच. रेषांचं टोक उताराकडे बाहेर आलेलं असेल तर ती सोंड, टोक डोंगराच्या आत चढाच्या बाजूला शिरलेलं असेल तर घळ. हे एवढं जरी डोळ्यात बसलं तरी निम्मं काम झालं, कारण सोंडेवरची वाट साधारणपणे मोकळी आणि चुकायला अवघड असते आणि घळीतली वाट पावसानंतर निसरडी, दगडं गडगडत येणारी, आणि वरून खाली बघताना पुढे कडा आहे की नाही ते न दिसणारी असू शकते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊया म्हणजे आकडे बोलतील. पायथ्यापासून पहिलं शिखर ६५० मीटर वर, वाट ४ किलोमीटर. तिथून १ किलोमीटरवर खिंड, १८० मीटर खाली. खिंडीतून दुसरं शिखर परत १ किलोमीटर आणि १५० मीटर चढ. आता परतीचे दोन पर्याय. आल्या वाटेने परत, म्हणजे खिंडीत उतरा, पहिलं शिखर पुन्हा चढा आणि मग खाली, एकूण १२ किलोमीटर आणि ९८० मीटर चढाई. दुसरा पर्याय, खिंडीतूनच थेट पायथ्याला उतरणारी साडेचार किलोमीटरची वाट, एकूण साडेअकरा किलोमीटर आणि ८०० मीटर चढाई. अंतरात फक्त अर्ध्या किलोमीटरचा फरक आहे, म्हणजे नुसतं अंतर बघणाऱ्या माणसाला दोन्ही सारखेच वाटणार! पण चढाईत १८० मीटरचा फरक आहे आणि तो दिवसाच्या शेवटी, दमलेल्या पायांना, कदाचित डोक्यावर ऊन घेऊन करायचा आहे. म्हणून म्हणतो, अंतराचा आकडा शेवटी बघा, आधी एकूण चढाई बघा.

वेळेचं गणित मी अजून जुन्याच नियमाने करतो. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मधे मांडलेला नियम आहे, मीटरमधे सांगायचं तर सपाटीवर ताशी ५ किलोमीटर धरा आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास वाढवा. वरच्या उदाहरणात आल्या वाटेने परत यायचं तर २ तास २४ मिनिटं अधिक १ तास ३८ मिनिटं, म्हणजे ४ तास २ मिनिटं, आणि खिंडीतून उतरायचं तर ३ तास ३८ मिनिटं. हे झालं न थांबता चालणाऱ्या, फिट, हलकी सॅक घेतलेल्या माणसाचं. उतारासाठी नंतर एक दुरुस्ती आली, साधारण १२ अंशांपेक्षा उभा उतार असेल तर दर ३०० मीटर उतरणीला १० मिनिटं वाढवायची, आणि ५ ते १२ अंशांचा सौम्य उतार असेल तर तेवढीच कमी करायची. उभ्या उतारावर वेळ वाचत नाही, गुडघे धरून उतरताना उलट जास्तच जातो, हे ज्यांनी घसाऱ्यावरून ग्रुप उतरवलाय त्यांना सांगायला नको. मिश्र ग्रुप असेल तर मी एकूण आकड्याची सरळ दीडपट करतो आणि जेवणाचा मोठा ब्रेक वेगळा धरतो. दीडपट हा कुणी सिद्ध केलेला आकडा नाही, माझा अंदाज आहे, पण ग्रुपमधल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला धरून आखलं की सगळेच आनंदात राहतात, आणि ज्याला भराभर चालायचंय तो माथ्यावर जास्त वेळ बसू शकतो, त्यात कुणाचं काही जात नाही.

ॲप जी वेळ दाखवतं तीही बघा, पण ती चालण्याची वेळ असते. त्यात फोटो नाहीत, बुटाची लेस नाही, धाप लागली म्हणून दगडावर टेकणं नाही.

रूट काढण्याबद्दल थोडं. ऑरगॅनिक मॅप्समधे पायी जायचा रूट काढता येतो, मधले थांबे टाकता येतात आणि चढउताराचा आलेख दिसतो, एवढं फुकटात मिळतंय म्हटल्यावर मी खूश आहे. पण निवांत आखणीसाठी मला ब्राउटर या रूट काढून देणाऱ्या प्लॅनरचं वेबवरचं पान जास्त सोयीचं वाटतं, तिथे नकाशावर क्लिक करत पॉइंट टाकायचे, रेघ नको त्या वाटेने गेली तर ओढून दुसरीकडे न्यायची, खाली उंचीचा आलेख बघायचा आणि जीपीएक्स फाइल, म्हणजे आखलेली वाट साठवलेली फाइल, उतरवून ऑरगॅनिक मॅप्समधे घ्यायची. दोन शिखरांच्या ट्रेकला दोन्ही माथे आणि खिंड हे तीन पॉइंट हाताने टाकाच, नाहीतर असे प्लॅनर स्वभावाने सोयीची वाट शोधतात आणि माथा बगलेला टाकून आडव्या वाटेने तुम्हाला पलीकडे नेऊ शकतात. शिखराची खूण वाटेला जोडलेली नसली तर शेवटचा तुकडा रूटमधे धरलेलाच नसतो, आणि बऱ्याचदा तोच तुकडा सगळ्यात उभा आणि हात लावून चढायचा असतो. हे लक्षात ठेवा.

मी जीपीएक्स एक काढत नाही, तीन काढतो. पूर्ण ट्रेक, खिंडीतून लवकर उतरायची वाट, आणि फक्त पहिलं शिखर करून परत. तिन्ही वेगळ्या नावाने सेव्ह. डोंगरात धुकं आल्यावर, कुणाचा पाय मुरगळल्यावर नकाशा उघडून नवीन वाट शोधत बसायची ती वेळ नसते.

आता भरवसा किती ठेवायचा ते. ओपनटोपोमॅपवर उंचीच्या रेषा मुख्यतः एसआरटीएम नावाच्या मोहिमेच्या डेटावरून काढलेल्या आहेत. फेब्रुवारी २००० मधे एंडेव्हर स्पेस शटलने ११ दिवस रडार लावून पृथ्वीचा मोठा भाग मोजला, त्याचा हा डेटा, त्यातले सगळ्यात बारीक चौकोन साधारण ३० मीटरचे. ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची मिळाली की काय होतं विचार करा, अणकुचीदार माथा थोडा छाटला जातो, अरुंद घळ थोडी भरली जाते, दाट झाडी असेल तर जमिनीऐवजी झाडांच्या उंचीचा काही भाग मोजणीत येतो. म्हणून एकाच वाटेची एकूण चढाई वेगवेगळ्या ॲपमधे वेगवेगळी दिसते, कुणी आलेख जास्त गुळगुळीत करतं कुणी कमी, त्यावरून भांडण्यात अर्थ नाही, मोठा आकडा धरून चाला.

यातली खरी धोक्याची बाब वेगळी आहे. कंटूरचं अंतर २० मीटर असेल तर १५ मीटरचा सरळसोट कातळ दोन रेषांच्या मधे अख्खा लपू शकतो. नकाशावर छान सौम्य सोंड, आणि प्रत्यक्षात मधे आठ-नऊ माणसं एकावर एक उभी राहतील एवढा कडा. म्हणून नकाशात वाट नसलेल्या सोंडेवरून "इथून सरळ उतरू, रेषा लांब लांब आहेत" असा शॉर्टकट कधीच आखू नका. अगदी कळकळीने सांगतोय. उपग्रहाचा फोटो बघून थोडी शंका मिटते, कातळाची सावली दिसते, पण झाडी असेल तर तिथेही काही दिसत नाही.

वाटांचा डेटा लोकांनी भरलाय, त्यामुळे एका डोंगरावर अतिशय तपशीलवार आणि शेजारच्याच डोंगरावर एक पुसट रेघ असं चित्र असतं. रेघ विश्वासाची आहे की नाही ते ओळखायच्या माझ्या दोन-तीन युक्त्या आहेत. उभ्या चढावर वाट बारीक बारीक नागमोडी काढलेली असेल तर ती बहुतेक कुणीतरी प्रत्यक्ष चालून जीपीएसवरून भरलेली असते. तोच उभा चढ रेघ तीन-चार सरळ रेषांत कापत असेल तर ती अंदाजाने, वरून फोटो बघून काढलेली असण्याची शक्यता जास्त, तिथे वाट असेलही पण नेमकी तिथेच असेल असं नाही. मग ओपनस्ट्रीटमॅपच्या साइटवर जाऊन त्या रेघेची माहिती उघडायची, ती शेवटची कधी बदलली ते तिथे दिसतं. काही वाटांना अवघडपणाचा एक टॅग असतो, तो स्विस अल्पाइन क्लबच्या टी१ ते टी६ या श्रेणीवर आधारलेला आहे, मध्यम ट्रेकसाठी मी टी२ पर्यंत निर्धास्त असतो, टी३ आला की वाट दर ठिकाणी दिसेलच असं नाही आणि काही जागी आधाराला हात लावावा लागू शकतो, त्यामुळे ग्रुप बघून ठरवतो, आणि टी४ दिसला की तो मध्यम ट्रेक राहिलाच नाही. वाट किती ठळक आहे याचाही वेगळा टॅग असतो. पण टॅग नसला म्हणजे वाट सोपी असा अर्थ काढू नका, कुणी भरलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. शिवाय रेघ आहे म्हणजे जायला परवानगी आहे असंही नसतं, प्रवेशाचे नियम, बंद असलेला मोसम, प्राण्यांच्या विणीचा काळ हे सगळं त्या त्या जागेच्या अधिकृत यंत्रणेकडूनच विचारून घ्यायचं.

फोनवरच्या बाजूबद्दल ऑरगॅनिक मॅप्सला मी भरभरून मार्क देतो. नकाशा एकदा डाउनलोड केला की नेटची गरजच नाही, शोधही ऑफलाइन चालतो, कंटूरचा थर लावता येतो, खातं उघडावं लागत नाही आणि तुम्ही कुठे फिरताय याची नोंद कुणाकडे जात नाही. हे ॲप २०२१ मधे मॅप्सडॉटमी मधून फुटून निघालं आणि पुढे २०२५ मधे त्यातूनच कोमॅप्स नावाचं ॲप वेगळं झालं, दोघांची ठेवण सारखीच आहे, त्यामुळे इथे लिहिलेलं बरंचसं त्यालाही लागू पडेल. अजूनही अनेकांना वाटतं की रेंज नाही म्हणजे जीपीएस नाही, तर तसं नाहीये, फोन उपग्रहांचे सिग्नल फक्त ऐकत असतो, एअरप्लेन मोडवरही ठिपका दिसतो. नेट नसताना पहिला ठिपका पकडायला थोडा वेळ लागतो म्हणून पायथ्याला, रेंज असताना एकदा ॲप उघडून जागा पकडून घ्यायची आणि मग एअरप्लेन मोड, म्हणजे रेंज शोधण्यात बॅटरी जळत नाही. थंडीत बॅटरी लवकर बसते, फोन अंगाजवळच्या खिशात ठेवा. आणि उंच कड्यांच्या मधल्या घळीत ठिपका इकडेतिकडे उड्या मारतो, आकाश कमी दिसतं आणि सिग्नल कड्यांवर आपटून येतात, तेव्हा ठिपक्यापेक्षा समोरच्या सोंडेवर आणि कंटूरवर विश्वास ठेवा. कागदावर एक प्रिंट मी सॅकमधे ठेवतोच, फोन पडला तर पडला, ट्रेक थांबत नाही.

जी गोष्ट कुठलंच ॲप तुमच्यासाठी ठरवत नाही ती म्हणजे माघारी फिरायची वेळ. मी उलटं मोजतो. सूर्यास्ताच्या दोन तास आधी पायथ्याला पोचायचं धरतो, त्यातून उतरणीचा वेळ वजा करतो, आणि खिंडीत घड्याळ बघायची वेळ लिहून ठेवतो. वरच्या उदाहरणात समजा सूर्यास्त ६ वाजता आहे, पायथा ४ वाजता, खिंडीतून खाली साडेचार किलोमीटर आणि ४७० मीटर उतरायला मिश्र ग्रुपला पावणेदोन तास, म्हणजे सव्वादोनला दुसरं शिखर करून खिंडीत परत असायला हवं. दुसरं शिखर करून यायला खिंडीपासून दीड तास धरला तर पाऊण वाजता खिंडीत पोचलो असू तरच पुढे जायचं, उशीर झाला तर दुसरं शिखर सोडायचं. हे घरी, पोटभर जेवून, डोकं शांत असताना ठरवा आणि सगळ्या ग्रुपला सांगा, कारण समोर शिखर दिसत असताना "एवढं आलोय तर जाऊनच येऊ" म्हणणारा आवाज प्रत्येक ग्रुपमधे असतो आणि तेव्हा वाद घालायची ताकद कुणात नसते.

हवामानासाठी वेगळी साइट बघावीच लागते, नकाशाचं ते काम नाही. अंदाज पायथ्याच्या गावाचा असेल तर माथ्यासाठी तो तसाच घेऊ नका, सरासरीने दर १००० मीटरला साडेसहा अंश सेल्सिअस तापमान उतरतं, आणि खिंडीत वारा दोन्ही डोंगरांच्या मधे दाबला जाऊन जोरात येतो, घाम आलेल्या अंगाला तो चांगलाच झोंबतो. ब्रेक खिंडीत घेऊ नका, थोडं खाली आडोशाला घ्या. विजेचा अंदाज असेल तर माथे सकाळीच उरका, डोंगरात असे ढग बहुतेक वेळा दुपारनंतर चढतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा धार आणि माथा सोडून खाली सरकायचं, फोटो वगैरे राहू दे.

पाण्याचं मात्र नकाशावर अवलंबून राहू नका. झरा, टाकं, ओढा अशी खूण असते पण ती बारमाही आहे की नाही ते बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. तासाला अर्धा लिटर धरून निघा, ऊन असेल तर जास्त.

दोन शिखरांपैकी आधी कुठलं, हाही प्रश्न येतो. मी शक्यतो जास्त उंच आणि जास्त उभं शिखर आधी घेतो, सकाळचा गारवा आणि ताजे पाय असतात तेव्हा, आणि दुसऱ्याला ऐच्छिक ठेवतो. पण उतरायची चांगली वाट फक्त एकाच शिखरावरून असेल तर क्रम त्या वाटेनुसार बदलतो, चढायला उभी आणि उतरायला सौम्य अशी मांडणी गुडघ्यांना मानवते. सूर्य कुठल्या बाजूने येणार तेही बघा, पूर्वेकडची उघडी सोंड सकाळी तापते, पश्चिमेकडची दुपारी.

निघायच्या आधी ती जीपीएक्स फाइल, खिंडीत घड्याळ बघायची वेळ आणि "अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागव" एवढं घरी एका माणसाला पाठवून ठेवा. आणि परत आल्यावर एक काम नक्की करा, नकाशावर दाखवलेली वाट दरडीने मोडली असेल, झरा आटलेला असेल, खिंडीतून फुटणारी वाट सापडलीच नसेल, तर ओपनस्ट्रीटमॅपच्या साइटवर त्या जागी एक नोट टाका, त्याला नकाशा काढता यावा लागत नाही, दोन ओळी लिहिल्या तरी पुरतात, आणि कुठली वाट कधी बघितली ती तारीख त्यात जरूर टाका.